दफनभूमीच्या वाटेवरचा अकरा जणांचा बाक

ओडाबेर्ग, १५ जानेवारी २०१९

वील,

हे पत्र तुझ्या घरी न पाठवता नगरपालिकेत पाठवतेय, मुद्दाम. घरी पाठवलेलं पत्र तू कॉफीच्या कपाखाली ठेवतोस. कचेरीत आलेल्या पत्रावर शिक्का बसतो आणि शिक्का बसलेल्या कागदाला उत्तर द्यावंच लागतं, असं मला अळंबीच्या शेडमधल्या रियानं सांगितलं. तिचा घटस्फोट तीन वर्षं चाललाय, तिला कायदे पाठ आहेत. आणि ते संगणकावरून अर्ज करा वगैरे मला सांगू नकोस. मी चौदाव्या वर्षी शाळा सोडली आणि तेव्हापासून अळंब्या खुडतेय. माझ्या बोटांचे ठसे तुमच्या यंत्राला दिसत सुद्धा नाहीत.

विषय तोच. बाक.

आई चौऱ्याऐंशीची आहे. घरापासून दफनभूमी आठशे मीटर. बाबा गेल्यापासून नऊ वर्षं ती रोज दहा वाजता तिकडे जायची, बर्फ असो वा ऊन. आता अर्ध्या वाटेत, डेअरीच्या जुन्या भिंतीपाशी तिला धाप लागते. तिथं टेकायला काही नाही. ऑक्टोबरच्या शेवटी ती तिथून मागं फिरली, आणि तेव्हापासून गेलीच नाही. रोज दहा वाजता कोट घालते, खिडकीशी बसते, अकरा वाजता कोट काढते. हे मी रोज बघते. तू बघत नाहीस.

तू म्हणशील, गाडीनं ने. नेत होते. ती म्हणाली, "मी त्याच्याकडे चालत जाते. गाडीनं पाहुणे जातात." रोलाटर घे म्हटलं, ती धरून चालायची चाकांची गाडी, त्याला बसायची जागा पण असते. तर म्हणाली, "ते म्हाताऱ्या बायकांचं आहे."

म्हणून मी स्वयंपाकघरातली खुर्ची नेऊन भिंतीपाशी ठेवली. दोन दिवसांत तुमचे दोन गणवेशवाले आले आणि 'सार्वजनिक जागेतील विनापरवाना वस्तू' म्हणून खुर्ची उचलून घेऊन गेले. ती सोडवायला मला भंगार आवारात फॉर्म भरावा लागला. फॉर्मात विचारलंय, "वस्तूचे वर्णन." मी लिहिलं, खुर्ची. खालचा प्रश्न, "वस्तूचा वापर." मी काय लिहिलं ते तुला कळलंच असेल.

तू सार्वजनिक जागांचा कारभारी आहेस. बाक हे तुझंच खातं. तुला सायकल मी शिकवली होती, वील. मागून धरून पळाले होते. एक बाक मागतेय.

फीन

*

नगरपालिका कार्यालय, २९ जानेवारी २०१९
विषय: दफनभूमी मार्गावर आसनव्यवस्थेची विनंती

महोदया,

आपले दि. १५ जानेवारीचे पत्र प्राप्त झाले. नगराध्यक्ष व कारभारी मंडळाने आपल्या विनंतीचा सखोल विचार केला.

आसनविषयक धोरणानुसार नवीन बाक बसवण्यापूर्वी त्या ठिकाणी बसण्याची गरज सिद्ध होणे आवश्यक आहे. त्यासाठी गेल्या नोव्हेंबरमध्ये चौदा दिवस प्रत्यक्ष मोजणी करण्यात आली. सदर ठिकाणी बसलेल्या व्यक्तींची संख्या शून्य आढळली. त्यामुळे तेथे बसण्याची मागणी नाही, असा निष्कर्ष निघतो.

आपली विनंती नामंजूर करण्यात येत आहे. आसनविषयक धोरणाचा फेरविचार २०२२ मध्ये अपेक्षित आहे.

आपला विश्वासू,
वी. मेर्टेन्स, कारभारी

(खाली हाताने लिहिलेले:) फीन, कृपा करून पुढचं पत्र घरी पाठव. तू फॉर्मात काय लिहिलंस ते आता पूर्ण कचेरीला माहीत आहे. मामीला नमस्कार.

*

ओडाबेर्ग, १ फेब्रुवारी २०१९

वील,

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बसायला काही नव्हतं, म्हणून कोणी बसलं नाही. हे कळायला चौदा दिवस लागले?" आणि उठून समोर हूबच्या बेकरीत ब्रेड आणायला गेली.

तो मोजणारा माणूस मला आठवतोय. छत्री घेऊन भिंतीला टेकून उभा असायचा, या पायावरून त्या पायावर. एके दिवशी मी त्याला विचारलं, "पाय दुखतात का?" तर म्हणाला, "हो हो, बसायला काही नाही ना इथं!" मग वील, त्याला तरी मोजा की! तो एक झाला!

आणि २०२२? २०२२ मध्ये आई सत्त्याऐंशीची होईल. तेव्हा ती दफनभूमीत जाईलच, पण तेव्हा तिला बाक लागणार नाही.

हे पत्र पण नगरपालिकेतच पाठवतेय.

फीन

*

ओडाबेर्ग, घरून, ९ फेब्रुवारी २०१९

प्रिय फीन,

तुझं पत्र मंगळवारच्या बैठकीत सगळ्यांनी वाचलं. 'तेव्हा तिला बाक लागणार नाही' या वाक्यानंतर नगराध्यक्ष बाईंनी चष्मा काढून पुसला. पण चष्मा पुसला म्हणजे मंजूर झालं असं नाही.

तुला वाटतं मी एकटा ठरवतो. आम्ही चौघं आहोत. मंगळवारी सकाळी नऊला बसतो, आणि पुढ्यात चाळीस कागद. गेल्या मंगळवारचेच सांगतो: शाळेसमोरच्या चेस्टनटची एक फांदी तोडावी का, ब्रास बँडला सराव साडेदहापर्यंत करू द्यावा की दहापर्यंत, तळ्यातली बदकं जास्त झालीत की हंस जास्त झालेत, आणि एका गृहस्थाच्या कोंबड्याला पहाटे चारऐवजी सहाला आरवायला सांगता येईल का. कोंबड्यावर पाऊण तास गेला. तुझा बाक सत्ताविसावा होता. तोपर्यंत सगळ्यांना भूक लागलेली. मी हात वर केला, फीन. माझा एकट्याचा होता. धोरण आहे ना, धोरण मोडलं तर उद्या अख्खं गाव बाक मागेल, असं बाकीचे म्हणाले.

त्यात नवीन उपसचिव आले आहेत, डौवे म्हणून. पार उत्तरेतल्या फ्रीसलंडचे, बावन्न वर्षांचे, उंच, अतिशय काटेकोर. कागदावर शिक्का आणि सही असली की तो कागद त्यांच्यासाठी देवाचा शब्द. त्यांनी कार्निव्हल कधी पाहिलेलं नाही. मला म्हणाले, "तीन दिवस कचेरी बंद? कशासाठी?" मी समजावलं, की अकरा हा कार्निव्हलचा, वेड्यांचा आकडा, म्हणून रविवारी अकरा वाजून अकरा मिनिटांनी नगराध्यक्ष गावाची किल्ली कार्निव्हलसाठी गावातूनच निवडलेल्या राजपुत्राला देतात, आणि मंगळवारी रात्रीपर्यंत गाव तो चालवतो. त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं.

यंदा राजपुत्र कोण, हे कोणालाच माहीत नाही. तुला कळलं का?

तुझा
वील

*

ओडाबेर्ग, ७ मार्च २०१९

अरे वील! अरे माझ्या शहाण्या!

काल राखेचा बुधवार. मी चर्चमधून कपाळाला राख लावून आले, डोकं जड, घसा बसलेला (तीन दिवस अळंबीचा पोशाख घालून ढोल वाजवला), आणि दारात ते फुकटचं साप्ताहिक पडलेलं. उचललं, भाज्या सोलायला म्हणून पसरलं. आणि बटाट्याच्या सालीखाली काय दिसावं? 'नगराध्यक्ष व कारभारी मंडळाचे निर्णय.' सातवा!

"दफनभूमीच्या वाटेवर, डेअरीच्या जुन्या भिंतीपाशी, अकरा जणांना पुरेल असा लाल-पिवळा-हिरवा बाक असावा, जेणेकरून कोणालाही उभं राहावं लागणार नाही."

सही: नगराध्यक्ष. शिक्का!

मी किंचाळले. आई स्वयंपाकघरात धावत आली, म्हणजे तिच्या मानानं धावत. मी वाचून दाखवलं. तिनं एवढंच विचारलं, "अकरा लिहिलंय ना?" मी म्हटलं, हो, अकरा. "मग ठीक," म्हणाली आणि बटाटे चिरायला बसली. नाचायचं सोडून! मी एकटीच नाचले. शेजारीण खिडकीतून बघत होती, तिला वाटलं कार्निव्हल अजून संपलं नाही.

बाकीचे निर्णय मी वाचले नाहीत. मला सातवा पुरे. लाल-पिवळा-हिरवा, म्हणजे कार्निव्हलचे रंग कशाला, हे मात्र कळलं नाही. पण रंग कसाही असू दे, मी तक्रार करणार नाही. एका माणसापुरता मागितला तर अकरा जणांचा दिलास! मी तुला गेल्या महिन्यात मनातल्या मनात जे जे म्हटलं ते सगळं मागं घेते. मोठ्यांदा जे म्हटलं ते तेवढं राहू दे.

आज दुपारी मी आईला घेऊन रूरमोंडला गेले. तिला चालायचे चांगले बूट घेतले, तपकिरी, जाड तळव्याचे. दुकानातली पोरगी म्हणाली, "आजीबाई, चालून बघा." ही चालली. दुकानाच्या टोकापासून टोकापर्यंत तीन वेळा, कोट घालून, पर्स घेऊन, जणू बाबाच तिथं बूटपॉलिशच्या कपाटापाशी उभे आहेत.

पत्र नगरपालिकेच्या पत्त्यावरच पाठवतेय. सगळ्यांना वाचू दे. चौघांचेही आभार. कोंबड्याचं काय झालं तेही कळवा.

फीन

*

ओडाबेर्ग, घरून, ९ मार्च २०१९

फीन,

बस. आधी बस. कुठं तरी बस.

तो निर्णय आमचा नाही. तो राजपुत्राचा आहे.

झालं असं. यंदाचा राजपुत्र म्हणजे आपला बेकर हूब, हे तू रविवारी पाहिलंसच. रविवारी किल्ली मिळाल्यावर त्यानं चर्चच्या पायऱ्यांवरून अकरा कलमांचं फर्मान वाचलं, दर वर्षीसारखं. दर वर्षीसारखं कोणीही ऐकलं नाही, कारण त्याच वेळी मटारचं सूप वाटायला सुरुवात झाली होती. आणि दर वर्षीसारखी नगराध्यक्ष बाईंनी त्या फर्मानावर सही करून शिक्का मारला. त्या वेळी त्यांच्या डोक्यावर टोमॅटोची टोपी होती.

मंगळवारी आमची बैठक नव्हती. कचेरी बंद होती, तरी त्या सकाळी डौवे एकटे आले. आम्ही बाकीचे... ते जाऊ दे. साप्ताहिकाला दर आठवड्याला निर्णययादी पाठवायची असते, दहा वाजेपर्यंत. बाईंच्या टेबलावर त्यांना एक कागद सापडला. अकरा कलमं, सही, शिक्का. त्यांनी तो पाठवून दिला. मी विचारलं, "डौवे, तुम्ही वाचला नाहीत का?" म्हणाले, "वाचला की. मला काही कलमं धाडसी वाटली. पण मी इथं नवीन आहे."

तू बाकीचे वाचले नाहीस म्हणतेस. दुसऱ्या कलमात आहे, 'यापुढे नगरपालिकेकडे तक्रारी फक्त गाऊन करता येतील.' गुरुवारी सकाळी साडेआठला खिडकीसमोर रांग लागली. एका माणसानं तुंबलेल्या गटाराबद्दल तीन कडव्यांचं गाणं म्हटलं. ध्रुवपद रांगेनं उचललं. डौवे प्रत्येकाची नोंद करत होते, शेरा 'गाऊन प्राप्त'. दुपारपर्यंत ब्रास बँडवाले पण आले, त्यांची तक्रार होती की सराव दहाला बंद करायला लावलाय, आणि तक्रार वाजवायला त्यांना चाळीस मिनिटं लागली.

चौथ्या कलमात माझं नाव आहे. 'कारभारी मेर्टेन्स यांनी रोज सकाळी तळ्यातल्या प्रत्येक हंसाला टोपी काढून नमस्कार करावा.' हूब मला नेहमी शिळा ब्रेड देतो हे मी एकदा बोललो होतो, त्याचा हा सूड. काल तळ्याकाठी चाळीस लोक वाट बघत होते. मी दुसऱ्या रस्त्यानं गेलो तर तिथंही होते. शेवटी काढली टोपी. हंसांनी पाठ फिरवली.

एकोणीस तारखेच्या मंगळवारी मंडळ सगळी अकराच्या अकरा कलमं रद्द करणार आहे. चूक झाली, दिलगीर आहोत, संपलं.

फीन, मला वाईट वाटतंय. पण एक विचारतो, आणि हे मी विचारलेलंच नाही असं समज: मामीनं त्या बुटांची पावती ठेवलीय का? ते तिनं वापरले का? तळवे झिजलेत का? मला सांगू नकोस. मी कारभारी आहे आणि तुझा आतेभाऊ पण आहे, मला हे कळता कामा नये. पण ज्यांना कळायला हवं त्यांना कळलं तर बरं.

तुझा
वील

*

ओडाबेर्ग, १२ मार्च २०१९
प्रति: नगराध्यक्ष व कारभारी मंडळ, चौघेही. डौवेंनासुद्धा.

मंडळींनो,

हे पत्र माझ्या आतेभावाला नाही. तो माणूस कामातून गेलाय. मी त्याला आईचं दुःख सांगते आणि तो मला विचारतो, बूट झिजले का! पावती ठेवली का! त्याला आता बुटांची पडलीय! तर घ्या, तुम्ही सगळेच ऐका, त्या बुटांबद्दल.

तुमच्या पेपरात बाक छापून आला म्हणून, आणि फक्त म्हणूनच, माझ्या आईनं सात तारखेला बूट घेतले. त्याआधी चार महिने ती घराबाहेर बेकरीपलीकडे गेली नव्हती. बूट घेतल्यापासून रोज दहा वाजता ती कोट घालून घरातल्या बोळात चालते. स्वयंपाकघरापासून पुढच्या दारापर्यंत अकरा पावलं, तिथून परत अकरा. सराव करतेय म्हणे, बाक यायच्या आत पाय तयार हवेत. काल मी मोजलं, छत्तीस फेऱ्या. तळवे झिजलेत तर. उजव्या टाचेकडून जास्त. दुकानवाले आता परत घेणार नाहीत. पावती हवी असेल तर ती पण या पाकिटात घालतेय, घ्या, ठेवा, भिंतीवर लावा.

तुम्ही छापलंत. तिनं विश्वास ठेवला. आता तुम्ही म्हणता चूक झाली. चूक तुमची, आणि चालून दमली माझी आई!

मला तुमच्याइतकं शिक्षण नाही. पण कोणाला बस म्हणून सांगून मागून खुर्ची ओढून घ्यायची नसते, हे आमच्या शेडमधल्या गाढवालासुद्धा कळतं. शेडमध्ये गाढव नाही. पण असतं तर कळलं असतं.

फीन कूमान्स

(हे गाऊन म्हणायचं असेल तर डौवेंनी चाल लावावी.)

*

मंडळाच्या निर्णययादीतील उतारा, १९ मार्च २०१९

मुद्दा ३. दि. ६ मार्च रोजी अनवधानाने प्रसिद्ध झालेली अकरा कलमे.
निर्णय: कलम १ ते ६ व ८ ते ११ रद्द.
कलम ७ (बाक): निवासी श्रीमती कूमान्स (वय ८४) यांनी प्रसिद्ध निर्णयावर विसंबून खर्च व परिश्रम केल्याचे त्यांच्या कन्येच्या पत्रातून व सोबतच्या पावतीवरून सिद्ध होते. नागरिकाने प्रामाणिकपणे ठेवलेला विश्वास मोडता येत नाही. सबब कलम ७ कायम. प्रसिद्ध मजकुराप्रमाणेच अंमलबजावणी करावी.
कारभारी मेर्टेन्स अर्जदाराचे नातेवाईक असल्याने चर्चेदरम्यान बाहेर थांबले.

(सोबत चिठ्ठी:)

फीन! कळलं का आता? कोणी आमच्या छापील शब्दावर विसंबून काही करून बसलं असेल, तर तो शब्द आम्हाला सहज मागं घेता येत नाही. कायदाच आहे तसा. पण मी ते तुला सांगितलं असतं तर माझी नोकरी आणि तुझा बाक दोन्ही गेले असते. म्हणून मी बुटांबद्दल विचारत होतो. आणि तू काही न समजता, मला शिव्या घालत, अगदी जे हवं तेच लिहिलंस. रागानं. पावतीसकट. देवा!

मी बाहेर कॉफीच्या यंत्रापाशी उभा होतो. पाच कप प्यायलो. दाराला कान लावून ऐकलं. तुझं पत्र डौवेंनी मोठ्यांदा वाचलं, त्या सपाट उत्तरेकडच्या आवाजात. 'शेडमध्ये गाढव नाही' इथं आल्यावर ते थांबले आणि म्हणाले, "याची चौकशी करावी का?" आणि सगळे एकदम हसायला लागले. पहिल्यांदा नगराध्यक्ष बाई.

एक अडचण मात्र आहे. 'प्रसिद्ध मजकुराप्रमाणेच' म्हणजे अकरा जणांचा आणि लाल-पिवळा-हिरवा. सहा मीटरपेक्षा लांब होतोय. असला बाक कोणी बनवत नाही. वेळ लागेल.

तुझा
वील

*

ओडाबेर्ग, २१ मार्च २०१९

वील,

तू मूर्ख आहेस. सरळ सांगितलं असतंस तर मी पावतीची सुबक घडी तरी घातली असती.

आई म्हणते, ये एकदा, जर्दाळू भरलेली गोड फ्लाय भाजते. मी म्हणते, ये. हंसांना पण घेऊन ये.

फीन

*

ओडाबेर्ग, घरून, १४ ऑक्टोबर २०१९

प्रिय फीन,

बाक तयार आहे. सुतारानं आधी दोन तुकड्यांत करू म्हटलं. डौवे म्हणाले, "मजकुरात 'बाक असावा' आहे, 'बाक असावेत' नाही." मग शेतावरच्या ट्रेलरवरून आणायचं ठरलं, आणि त्यासाठी सहा तास रस्ता बंद करायचा ठराव आम्ही चौघांनी एकमतानं केला. रंगावर अर्धा तास गेला: तीन पट्टे आडवे की उभे. कोंबड्यावर पाऊण तास गेला होता, त्यामानानं ठीक. (कोंबडा सहालाच आरवतो आता. कोणी सांगितलं त्याला, माहीत नाही.)

हूबनं हट्ट धरलाय, अकरा नोव्हेंबरलाच बसवायचा, अकरा वाजून अकरा मिनिटांनी, नव्या कार्निव्हलचा मोसम सुरू होतो त्या दिवशी. मी म्हटलं, मामीला तोपर्यंत थांबावं लागेल. हूब हसला आणि म्हणाला, "ती थांबेल. तिला माहीत आहे कधी येणार." याचा अर्थ काय, फीन?

वील

*

ओडाबेर्ग, १२ नोव्हेंबर २०१९

वील,

काल तू दोनच मिनिटं होतास, मग तुला कुठल्याशा पुलाच्या कठड्याकडे पळावं लागलं. म्हणजे मुख्य गोष्ट तुला कळलीच नाही. बस, आणि वाच.

तू गेल्यावर फीत कापली. बँड वाजला. आणि बघता बघता अकराच्या अकरा जागा भरल्या! हूब, त्याची बायको, ट्रेलरवाला, सुतार, तुमचा डौवे मध्ये ताठ बसलेला, गळ्यात कोणीतरी लाल-पिवळा-हिरवा मफलर घातलेला, आणि टोकाला तो छत्रीवाला मोजणारा! तो तर पाय पसरून बसला होता. सगळ्यांच्या हातात बिअर. आणि आई? आई कोट घालून, तपकिरी बूट घालून घरून निघालेली, हळूहळू येतेय. मी बाजूनं चालत होते आणि माझा जीव वर-खाली. म्हटलं आता हे सगळे उठतील. पण बँडच्या आवाजात कोणाला ती दिसलीच नाही. एक वर्ष झगडून बाक मिळवला आणि माझ्या आईलाच जागा नाही!

मी ओरडले, "उठा रे! माणसं आहात की बटाट्याची पोती!" हूब दचकून उठला, बिअर सांडली, डौवे उठले, सगळे उठले, बाक रिकामा. म्हणाले, "बसा, बसा, कुठंही बसा!"

आई थांबली. बाकाकडे बघितलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि म्हणाली, "बसा तुम्ही. मी दमले नाही." आणि पुढं निघून गेली.

वील, ती थेट दफनभूमीपर्यंत गेली. आठशे मीटर. न टेकता. मी मागून धावतेय आणि म्हणतेय, "अगं, धाप लागेल! बाक कशासाठी मागितला मग?" तर ती मान न वळवता म्हणाली, "पुढं बाक आहे हे माहीत असलं की धाप लागत नाही. नाही हे माहीत असलं की घरातच लागते."

बाबांपाशी वीस मिनिटं उभी होती. काय बोलली माहीत नाही, मी फाटकाशी थांबले. परत येताना मात्र बसली, हूबशेजारी. मी हूबला म्हटलं, "तुला बरं सुचलं रे फर्मानात बाक घालायचं." तो आईकडे बघून हसायला लागला. ती बिअरच्या ग्लासात बघत होती. मग सगळं बाहेर आलं. जानेवारीच्या सुरुवातीलाच, तू माझं पहिलं पत्र उघडण्याच्या आधी, ही बेकरीत जाऊन त्याला म्हणाली होती, "यंदा तू राजपुत्र आहेस हे मला माहीत आहे, तुझ्या बायकोनं पोशाखाचं माप माझ्याच टेबलावर घेतलं. मला एक बाक हवाय. कोणाला उभं राहावं लागू नये इतका लांब." आणि हूब म्हणाला, "अकरा चालतील?"

मी म्हटलं, "आई! मी इकडे पत्रांवर पत्रं लिहितेय, शिव्या घालतेय, रिया कायदे शिकवतेय, आणि तू मला सांगितलं नाहीस?"

ती म्हणाली, "तू लिहीत होतीस, तुला बरं वाटत होतं. आणि वीलला पण थोडं घाबरवायला हवंच होतं. पण फीन, तीन दिवस गावाची किल्ली ज्याच्या खिशात असते, त्यालाच मागायचं. त्याला धोरण नसतं."

डौवेंनी ते वहीत लिहून घेतलं. मी डोळ्यांनी बघितलं.

आज पण दहा वाजता गेली. आज बसली, जाताना आणि येताना पण, कारण आज तिला घाई नव्हती. मी कामावर होते, शेजारणीनं सांगितलं.

त्या छत्रीवाल्याला चौदा दिवसांसाठी पुन्हा पाठव. बसून मोजू दे. शून्य आलं तर मला कळव.

फीन